दाराशी थांबलेले काही सेकंद

त्या हिपहॉप नाटकाचा प्रयोग सुरू झाला आहे हे आमच्या लक्षात आले तेव्हा तो सुरू होऊन बराच वेळ झाला असावा. पडदा नव्हता, तिसरी घंटा झाली नव्हती आणि प्रेक्षागृहातले दिवेही मंद झाले नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील त्या छोट्या नाट्यगृहात शे-सव्वाशे प्रेक्षक आपापल्या खुर्च्या शोधत होते, रंगमंचाच्या मागच्या बाजूला एका उंच टेबलाशी उभी असलेली डीजे दोन टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या फिरवणाऱ्या यंत्रांवर, संगीत वाजवत होती, आणि हे संगीत नाटकापूर्वीचे आहे असे समजून आम्ही गप्पा मारत होतो. आत येताना दारातच एक तरुण मायक्रोफोन घेऊन उभा होता आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता : तुम्ही कुठले? मी उत्तर दिले होते, "भारतातला. म्हणजे, आता इथलाच, क्वीन्समध्ये राहतो." तो मान डोलवून पुढच्या माणसाकडे वळला होता आणि मी तो प्रसंग विसरूनही गेलो होतो.

डीजेने एका तबकडीवर तळवा टेकवून संगीत तोडले. क्षणभराच्या शांततेनंतर ध्वनिक्षेपकांतून आमचेच आवाज येऊ लागले. कितीतरी लोकांची उत्तरे एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्याखाली ड्रमचा ठेका होता. कुणी शहराचे नाव सांगितले होते, कुणी देशाचे, एका वृद्ध बाईंनी "इथलीच, याच गल्लीतली" असे ठासून म्हटले होते. त्या गर्दीत माझे "म्हणजे" होते. डीजेने नेमका तोच शब्द उचलला आणि चार वेळा, आठ वेळा, सोळा वेळा वाजवला, इतका की त्यातली माझी चाचरण एखाद्या वाद्यासारखी स्पष्ट ऐकू येऊ लागली. भारतातला आणि इथला यांच्यामध्ये जी फट मी त्या एका शब्दाने बुजवली होती, ती सगळ्या प्रेक्षागृहासमोर उघडी होती. शेजारच्या कुणालाही तो आवाज माझा आहे हे ठाऊक नव्हते, तरी मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

ज्यांची हिपहॉपशी फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी इथे थोडे थांबायला हवे, कारण हे तंत्र समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट सांगता येणार नाही. 11 ऑगस्ट 1973 रोजी याच ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या करमणुकीच्या खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळेचे नवे वर्ष सुरू होणार होते आणि तिला कपड्यांसाठी पैसे उभे करायचे होते. मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट असे प्रवेशमूल्य होते. गाणी वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, जो 1967 मध्ये जमैकाहून या शहरात आला होता आणि डीजे कूल हर्क या नावाने ओळखला जात होता. नाचणारी मुले गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. त्या जागी गाणारा थांबतो, इतर वाद्ये मागे सरतात आणि केवळ तालवाद्ये उरतात. त्या जागेला ब्रेक म्हणतात आणि तो जेमतेम काही सेकंद टिकतो. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करून, हर्क ते काही सेकंद हवे तितके लांबवू लागला. त्या लांबवलेल्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल, त्यावर यमके जुळवून बोलणारा तो एमसी. ज्या वस्तीतून 1948 पासून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग काढण्यात आला, ज्यासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि सत्तरच्या दशकात जिथे इमारतींमागून इमारती जळत राहिल्या, तिथल्या मुलांनी दुसऱ्यांच्या गाण्यातले काही सेकंद घेतले आणि त्यांत राहायला जागा केली.

त्या संध्याकाळच्या नाटकाने हेच तंत्र माणसांच्या आयुष्याला लावले होते. वंश आणि ओळख या विषयावरची नाटके मी यापूर्वीही पाहिली आहेत. त्यांत बहुधा एक मोठी घटना असते, तिच्याकडे जाणारा चढ असतो आणि तिच्यानंतरचा शोक असतो. इथे कथानक असे जवळजवळ नव्हतेच. रोज घडून जाणारे, सांगायला गेले तर "एवढेच ना?" असे कुणीही म्हणेल असे काही सेकंद उचलायचे, आणि त्यांत दडलेले सगळे ऐकू येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाजवायचे, एवढीच या नाटकाची रचना होती.

हिपहॉप रंगभूमी हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. रेनी हॅरिस यांनी 1992 मध्ये फिलाडेल्फियात आपली नृत्यसंस्था काढून रस्त्यावरचा नाच रंगमंचावर आणला, 2000 मध्ये डॅनी हॉक यांनी न्यूयॉर्कमध्ये हिपहॉप नाट्यमहोत्सव सुरू केला, आणि 2015 मध्ये 'हॅमिल्टन' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले तेव्हा अमेरिकेचे संस्थापक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नटांच्या तोंडून रॅपमध्ये वाद घालताना जगाने पाहिले. त्या भव्य नाटकाचे महत्त्व मी मानतो. परंतु या प्रकाराचा जीव मला छोट्या जागेत अधिक जाणवतो, कारण हिपहॉप मुळात वर्तुळात जन्मले आहे. त्या वर्तुळाला सायफर म्हणतात. मध्ये एक जण नाचतो किंवा बोलतो, भोवतीचे टाळ्यांनी ठेका धरतात, आणि मग भोवतीचाच कुणीतरी मध्ये येतो. अंधारात बसून दुरून पाहणारा प्रेक्षक ही कल्पना त्या वर्तुळात बसतच नाही. या प्रयोगातही आमच्यावरचे दिवे शेवटपर्यंत पूर्ण मावळले नाहीत.

पाच कलाकार होते. डीजे धरून दोघी स्त्रिया आणि तिघे पुरुष. पहिल्या लांब प्रवेशात त्यांतला सर्वांत तरुण, उंच आणि काळ्या कांतीचा नर्तक एकटाच होता. तो पॉपिंग करत होता. स्नायू आखडून झटक्यात सोडायचे, त्यामुळे देहातून वीज गेल्यासारखे वाटते, असा हा नाच आहे. ब्रेकडान्सच्या भाषेत नाचता नाचता अचानक एका आकृतीत गोठून जाण्याला फ्रीझ म्हणतात. एका हातावर तोललेला देह, हवेत पाय, आणि सगळे स्तब्ध. ज्या नर्तकाचा फ्रीझ अचूक, त्याचा मान मोठा. अमेरिकेतला पोलीस बंदूक रोखून जे ओरडतो तोही शब्द फ्रीझ हाच. सुरुवातीला तो शब्द डीजेच्या तबकडीवरून आनंदाच्या आरोळीसारखा येत होता, नर्तक गोठत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. हळूहळू आवाज बदलत गेला. शब्द तोच, पण त्यातला आनंद ओसरला आणि हुकूम उरला. नर्तकाच्या आकृत्याही बदलत गेल्या. हात वर, तळवे उघडे, गुडघे टेकलेले, गाल जमिनीला. नाचाचे कौशल्य तसूभरही कमी झाले नव्हते, आणि तरी टाळ्या विरळ होत होत थांबल्या. आपण नेमक्या कोणत्या आकृतीला टाळ्या वाजवणे थांबवले, हा प्रश्न प्रेक्षागृहात प्रत्येकाला पडला असणार. त्याच्याआधीच्या दोन-तीन आकृत्यांना आपण वाजवल्याच होत्या. त्या दहा मिनिटांत एकही संवाद नव्हता.

दुसरा प्रवेश जनगणनेचा होता, आणि तो मी कधीही विसरणार नाही. रंगमंचाच्या जमिनीवर खडूने चौकटी आखलेल्या होत्या. जिचे वडील कृष्णवर्णीय आणि आई कोरियन होती अशी अभिनेत्री ठिक्कर खेळावी तशी त्यांतून उड्या मारत होती. एमसी वर्षांचा उच्चार करत होता आणि दर दशकाला ठेका थोडा जलद होत होता. 1790 ची पहिली जनगणना, जिच्यात गोरे मुक्त नागरिक, इतर मुक्त माणसे आणि गुलाम अशी माणसांची मोजणी झाली. 1850 मध्ये 'मुलॅटो' ही मिश्र रक्ताची चौकट आली. 1890 मध्ये पूर्वजांपैकी एक चतुर्थांश काळे म्हणून 'क्वाड्रून', एक अष्टमांश काळे म्हणून 'ऑक्टोरून' अशा अपूर्णांकांच्या चौकटी आल्या आणि पुढे नाहीशाही झाल्या. प्रत्येक वर्षाला ती वेगळ्या चौकटीत उतरत होती, कधी तिला एका पायावर उभे राहावे लागत होते, कधी उतरायला चौकटच नव्हती आणि ती हवेतून थेट जमिनीवर कोसळत होती. एकाहून अधिक वंश निवडण्याची मुभा या देशाने 2000 साली दिली. त्या वर्षाला तिने दोन्ही पाय दोन चौकटींत टेकवले, आणि ठेका थांबला. धापा टाकत ती एवढेच म्हणाली, "मी तोवर वयात आले होते."

त्या उड्यांमध्ये 1930 या वर्षाला एमसीने एक शब्द उच्चारला, तो म्हणजे 'हिंदू'. 1920 ते 1940 या काळातल्या अमेरिकी जनगणनांत भारतीय माणसांसाठी ही वंशाची चौकट होती, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. पुढे 1970 च्या जनगणनेत भारतीय वंशाची माणसे गोऱ्यांत मोजली गेली, आणि 1980 मध्ये त्यांना आशियाई भारतीय अशी स्वतंत्र चौकट मिळाली. माझ्या त्वचेचा रंग या सगळ्या काळात तोच राहिला असता.

इथे भगतसिंग थिंड यांच्या खटल्याची आठवण होणे अटळ आहे. थिंड पंजाबातून आलेले शीख होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्या काळच्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मुक्त गोऱ्या व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे, म्हणून आपण गोरे आहोत असे त्यांना न्यायालयात सिद्ध करावे लागले. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे जो गोरा नाही तो गोरा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याकडे हा खटला अन्यायाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि तो अन्याय होताच. पण थिंड यांच्या बाजूने कोणता युक्तिवाद झाला ते सहसा सांगितले जात नाही. ते उच्चवर्णीय आर्य आहेत, आणि विवाहसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने अमेरिकी माणूस निग्रोकडे पाहतो, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे दार उघडावे म्हणून आपण दुसऱ्या कुणाला कसे बाहेर ठेवतो याचा दाखला पुढे केला गेला. नाटकात या खटल्याचा उल्लेख नव्हता. तो माझ्या डोक्यात चालू झाला, आणि पुढचा प्रवेश सुरू होईपर्यंत मी त्यातून बाहेर आलो नव्हतो.

मराठी माणसाला या विषयात परकेपणाने बसता येत नाही, असे मला मनापासून वाटते. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला तो 1873 मध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या त्या पार्टीच्या बरोबर शंभर वर्षे आधी. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, ते याच शहरात, कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून प्रसिद्ध असलेल्या हार्लेमच्या उशाशी आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. आणि सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे ज्यांनी ऐकले किंवा वाचले आहेत, त्यांना ठेक्यावर बोलणारा, श्रोत्यांना थेट प्रश्न विचारणारा, विनवणी न करता हिशेब मागणारा आवाज ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. एमसी पुढे येऊन आम्हाला उद्देशून बोलू लागला तेव्हा मला शाहीर आठवला. त्याचा उच्चार, त्याची यमके, त्याचे संदर्भ पूर्णपणे त्याच्या गल्लीतले होते, आणि ती उभे राहण्याची रीत मला माहीत होती.

मध्यंतरानंतर समाजमाध्यमांवरचा एक प्रवेश होता, त्यात कलाकार स्वतःच अर्थ समजावून सांगू लागले आणि नाटक सैल पडले. रॅप कुणी करावा, कोरियन मुलाने ब्राँक्सची बोली बोलावी का, यावरचा वाद मात्र खरा होता. त्यात कुणीच जिंकले नाही आणि वाद घालणारे दोघेही एकमेकांच्या ओळी पाठ असल्यासारखे पूर्ण करत राहिले.

मग दाराचा प्रवेश आला. रंगमंचावर एक दाराची चौकट आणण्यात आली. एक माणूस किल्लीने इमारतीचे दार उघडून आत शिरतो, त्याच्यामागून दुसरा येतो. पहिला दार धरून थांबतो, मागे वळतो आणि विचारतो, "कुणाकडे आलात?" दुसरा म्हणतो, "मी इथेच राहतो." पहिला म्हणतो, "हो का, अच्छा," आणि बाजूला होतो. जेमतेम आठ सेकंद. डीजेने तबकडी मागे ओढल्याचा आवाज झाला आणि दोघेही उलट्या पावलांनी जागेवर गेले. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. पाचव्या वेळी दिसले की प्रश्न विचारताना पहिल्याचा पाय दारात आडवा असतो. आठव्या वेळी दिसले की दुसऱ्याच्या हातात किल्ली आधीपासून होती आणि ती त्याने मुद्दाम दिसेल अशी धरली होती. बाराव्या वेळी दोघांनी जागा बदलल्या, मग स्त्रिया आल्या, मग रंग बदलत गेले. कधी प्रश्न विचारणारा गोरा होता, कधी कोरियन, कधी स्वतः काळाच. प्रत्येक वेळी "मी इथेच राहतो" हे वाक्य थोडे लवकर येऊ लागले, आणि शेवटी तर प्रश्नाच्या आधीच.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी सामानाच्या पिशव्या घेऊन मी माझ्या इमारतीत शिरत होतो. मागून एक काळा तरुण आला. मी दार धरले नाही. मी वळून विचारले, कुणाकडे आलात? त्याने वरच्या मजल्यावरच्या घराचा क्रमांक सांगितला आणि किल्ली दाखवली. मी हसून "अच्छा" म्हणालो आणि आम्ही एकाच लिफ्टने वर गेलो. त्या प्रसंगाला मी कधी प्रसंग मानलेच नव्हते. इंग्रजीत ते वाक्य सभ्य होते, त्यात 'सर' असावा अशीही माझी आठवण आहे. पण त्या रात्री, तेच वाक्य विसाव्यांदा ऐकताना, मी ते मनातल्या मनात मराठीत करून पाहिले. इंग्रजीला एकेरी आणि आदरार्थी यांतून निवड करावी लागत नाही, मराठीला करावी लागते, आणि माझ्या मनाने ती निवड क्षणात केली. ते "कुणाकडे आलायस?" असेच होते.

शेवटी सायफर झाला. कलाकारांनी खुर्च्या बाजूला करायला लावल्या आणि सगळे नाट्यगृह एक वर्तुळ झाले. ज्याला हवे त्याने मध्ये येऊन आपले पूर्ण नाव आपल्या घरात जसे उच्चारले जाते तसे उच्चारायचे, आणि वर्तुळाने ते ठेक्यावर परत म्हणायचे, एवढीच रीत होती. "याच गल्लीतली" असे सांगणाऱ्या त्या वृद्ध बाई सर्वांत आधी आल्या. त्यांचे नाव शंभर लोकांच्या तोंडून परत आले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. एक शाळकरी मुलगा आला, त्याच्या नावातला एक वर्ण कुणालाच नीट जमेना, आणि डीजेने तो जमेपर्यंत ठेका सोडला नाही. मी मध्ये गेलो नाही. माझे नाव म्हणायला मला संकोच नव्हता, माझ्या डोक्यात दुसरे नाव शोधणे चालू होते.

त्या तरुणाने ती जागा सोडून बरेच दिवस झाले आहेत. आमच्या इमारतीत पत्रपेट्या ओळीने आहेत, प्रत्येकीवर चिकटवलेल्या पट्टीवर नाव असते, आणि त्याची पेटी माझ्या पेटीच्या अगदी वर होती. दोन वर्षे मी रोज संध्याकाळी त्या पट्टीखाली किल्ली लावत होतो. आडनावाचे पहिले अक्षर मला आठवते. नाट्यगृहातून आम्ही बाहेर पडत होतो तेव्हाही आत ठेका चालूच होता, आणि भुयारी रेल्वेच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी त्या अक्षराच्या पुढचे आठवण्याचा प्रयत्न करत होतो.